चौथा मोर

कांदिवलीच्या मंजुळा थिएटरची बाल्कनी किती खांबांवर उभी आहे, असं कोणी विचारलं की इसिडोर रोझारिओ आधी गप्प बसायचा. समोरच्याला अंदाज करू द्यायचा. कोणी आठ म्हणायचं, कोणी दहा. मग तो म्हणायचा, "एक पण नाय," आणि त्या माणसाला खाली शेवटच्या रांगेत नेऊन वर बघायला लावायचा.

खरंच एकही खांब नव्हता. दोनशे दहा खुर्च्यांची ती बाल्कनी मागच्या भिंतीतून निघून तशीच अधांतरी पुढे आलेली होती. तिच्या पोटाखाली चुन्यात घडवलेले सहा मोर होते. माना खाली वळवलेल्या, पिसारे वर टेकलेले. प्रत्येक मोराच्या आत एकेक लोखंडी तुळई आणि तिचं दुसरं टोक मागच्या तीन फुटी भिंतीत गाडलेलं. खांब नसल्यामुळे खाली बसणाऱ्या कुणालाच पडदा बघायला मान वाकडी करावी लागत नसे. १९३६ साली मोठ्या शेठनी थिएटर बांधलं, बायकोचं नाव दिलं, तेव्हा अठरा वर्षांचा इसिडोर तिथे चुन्याची घमेली वाहत होता. मोर वाळेपर्यंत त्यांच्यावर ओली गोणपाटं धरायचं काम त्याचंच.

जमीनही त्याच्या घरची. रोझारिओंची वांग्या-मिरचीची वाडी होती तिथे आणि वाडीच्या मधोमध विहीर. बापाने वाडी विकली, पण विहीर बुजवू नका एवढं शेठकडून कबूल करून घेतलं. शेठच्या कारागिरांनी ती बुजवली नाही, तिच्यावरच रंगमंच घातला. फळ्यांखाली पोकळी राहिली, त्यामुळे नट साध्या आवाजात बोलला तरी मागपर्यंत ऐकू जाई. दोन्ही बाजूंच्या भिंतींत मातीची मडकी आडवी बसवून वरून भोकाभोकांचं प्लास्टर केलेलं होतं, तेही आवाजासाठीच. बाहेरून इमारत बोटीसारखी दिसे. एक कोपरा गोल, त्यावर एकाखाली एक तीन सज्जे, आणि मधल्या मनोऱ्यावर नाव वरून खाली लिहिलेलं.

आधी तिथे नाटकं झाली. गिरणीतल्या कोकणी मंडळींची गणपतीतली नाटकं व्हायची, गावठाणातल्या ख्रिश्चनांचा नाताळातला खेळ व्हायचा. मग पडद्यावर सिनेमा आला. लढाईच्या दिवसांत लष्करातले लोक ट्रक भरून यायचे. पुढची वीस वर्षं रविवारी हाउसफुलची पाटी कधी उतरली नाही. इसिडोर या सगळ्यात होता. डोअरकीपर, पडदे ओढणारा, शेवटी मशीन चालवणारा. मग आजूबाजूला थंड हवेची नवी थिएटरं झाली, मंजुळाचं छप्पर गळायला लागलं, मोठे शेठ वारले आणि अडुसष्ट साली त्यांच्या मुलाने, चंद्रप्रकाशने, दाराला कुलूप घातलं. किल्ली इसिडोरकडेच राहिली. तो आणि त्याची बायको एथेल रंगमंचाच्या मागे, पूर्वी जिथे नट तोंडं रंगवायचे त्या दोन खोल्यांत राहत होते. त्रेचाळीस सालापासून. त्यांची दोन्ही मुलं तिथेच जन्मली, तिथूनच लग्न करून बाहेर पडली.

थिएटर बंद झालं तरी पुढच्या कमानीखालचे चार गाळे चालू होते. एक सायकलवाला, एक पानवाला, जयवंत नावाचा शिंपी आणि शेवंतीची चहा-भज्यांची टपरी. शेवंती पस्तिशीची, काशीराम सुताराची मुलगी. काशीराम या थिएटरात काम करताना शिडीवरून पडून मेला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो दारू पिऊन चढला होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिची आई, शकु, लोकांकडे भांडी घासून जगली आणि मरेपर्यंत तिने नवऱ्याच्या नावाने पितृपक्षात पान वाढलं नाही. "दारूड्याला कसलं पान?" म्हणायची.

शेवंती इसिडोरला रोज सकाळी चहा द्यायची. "मामा, बसा ना," म्हणायची. इतक्या वर्षांत तो तिच्या बाकावर कधी बसला नाही. उभ्याने चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. लोकांना वाटायचं, रोझारिओची ऐट.

बहात्तरच्या गणपतीनंतर चंद्रप्रकाश शेठ गाडीतून आला. बरोबर एक तरुण होता. सडपातळ, चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी कागदाची गुंडाळी.

"हे विद्याधर," शेठ म्हणाला. "आर्किटेक्ट आहेत. आपल्या थिएटरचा पूर्ण नकाशा काढायचाय यांना. तू सगळं दाखव. काही लपवू नको. तुझ्याइतकं इथलं कोणाला माहीत आहे?"

हे शेवटचं वाक्य इसिडोरने घरी जाऊन एथेलला दोनदा सांगितलं. मोठ्या शेठनी कधी असं म्हटलं नव्हतं.

विद्याधर रोज यायला लागला. फीत धरायला इसिडोर. विद्याधर आकडा विचारायचा आणि इसिडोर फीत न बघताच सांगायचा, मग दोघं मोजायचे आणि आकडा तोच निघायचा. विद्याधरने रंगमंचाच्या फळ्या उचलून विहीर बघितली, आत खडा टाकला. भिंतीवर कान ठेवून मडक्यांचा घुमारा ऐकला. जिन्याच्या कठड्यावरची शिसवी पट्टी हाताने चाचपत तो म्हणाला, "काका, असं काम आता होणार नाही." आणि इसिडोरच्या तोंडून निघालेला शब्द न शब्द तो एका काळ्या वहीत लिहून घेत होता. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात इसिडोरचं बोलणं कोणी कागदावर उतरवलं नव्हतं. एक फक्त त्रेचाळीस साली, पोलिसांनी.

एथेलला तो पोरगा आवडला. हडकुळा आहे म्हणून ती त्याला दुपारी जेवायला बसवायची. पहिले दोन दिवस त्याने आढेवेढे घेतले, मग बोंबलाचं कालवण मागून घ्यायला लागला. तिला तो मावशी म्हणायचा.

"हे सगळं कशाला काढतोस रे बाबा?" तिने एकदा विचारलं.

"राहावं म्हणून, मावशी," तो म्हणाला.

थिएटर राहावं, असा अर्थ दोघांनी घेतला.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. एथेलने त्याला मैद्याचे तळलेले फुगे आणि मटण वाढलं, घरच्या द्राक्षाच्या वाइनचा लहान पेला दिला. जेवण झाल्यावर दोघं बाल्कनीखाली गेले, कारण मोरांची चित्रं राहिली होती. विद्याधर एकेक मोर न्याहाळत होता. चौथ्यापाशी थांबला.

"काका, याची मान वेगळी आहे. बाकीच्या पाचांचा हात एक, याचा दुसरा."

इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं ते. हजारो लोक त्या मोराखाली बसून गेले होते. इसिडोरला अभिमानच वाटला, पोराच्या नजरेचा आणि आपल्या माहितीचा.

"बरोबर बोललास," तो म्हणाला. "आत लोखंड नाय. म्हणजे हाय, पण तडकलेलं. त्याच्याखाली सागवान हाय."

मग त्याने सांगितलं. त्रेचाळीस साली ट्रकातून आलेले शिपाई बाल्कनीत पाय आपटून नाचले आणि चौथी तुळई तडकली. लढाई चालू, लोखंड मिळेना. थिएटरचा सुतार होता काशीराम, कणकवलीकडचा. तो म्हणाला, मोर फोडू, आत सागाचा टेकू बसवू, वरून परत मोर करू. तीन दिवस मागितले. मोठ्या शेठनी दोन दिले, कारण शनिवारी मॅटिनी होती. शनिवारी दुपारी शेवटची पाचर मारायची राहिली होती आणि परांची तर सकाळीच काढून टाकलेली, कारण खुर्च्या पुसायच्या होत्या. शेठ म्हणाले, शिडीवर चढ आणि मार. शिडी दोन पिंपांवर ठेवली. इसिडोरने ती खालून धरली.

इथे तो थांबला. वहीवरची पेन्सिलही थांबली.

"बाहेर लोक दार ठोकत होते," इसिडोर म्हणाला. "शेठनी हाक मारली. इसिडोर, दार उघड. मी शिडी सोडली. चार पावलं गेलो असेन."

काशीराम खुर्च्यांच्या लोखंडी पाठींवर पडला. तिसऱ्या दिवशी वारला. त्याआधी एक दिवस शेठनी इसिडोरला बोलावून घेतलं. पोलीस विचारतील, तो पिऊन आला होता म्हणून सांग. मागच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, तुझं नवीन लग्न झालंय, भावांच्यात किती दिवस काढशील.

"आणि तुम्ही सांगितलंत," विद्याधर म्हणाला.

"सांगितलं. तो पीत नव्हता. माळकरी माणूस. फादरजवळ कन्फेशनमध्ये बोललो होतो तेव्हा. त्यानंतर आज तुला. एथेलला ठाऊक नाय. शेवंतीला तर नायच."

विद्याधरने वही मिटली. इसिडोरच्या खांद्यावर हात ठेवला. "हे मी लिहीत नाही, काका," तो म्हणाला.

इसिडोरला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी तो एथेलबरोबर चर्चपर्यंत चालत गेला आणि वाटेत तिच्यासाठी शेंगा घेतल्या.

फेब्रुवारीत नोटीस आली. इमारत धोकादायक आहे, राहणाऱ्यांनी आणि गाळेवाल्यांनी जागा का सोडू नये ते सुनावणीला येऊन सांगावं. सोबत अहवालाची प्रत. इंग्रजी वाचता येणारा एकटा जयवंत शिंपी. त्याने गाळ्यासमोर उभं राहून वाचलं आणि मराठीत सांगितलं. "बांधकामाशी पहिल्या दिवसापासून संबंध असलेले, अत्यंत जाणकार कर्मचारी श्री. इसिडोर रोझारिओ यांनी दिलेल्या माहितीनुसार." त्या एका नावावर सगळा अहवाल उभा होता. चौथ्या तुळईला तडा. आत लाकूड. रंगमंचाखाली उघडी विहीर. मडक्यांमुळे भिंती पोकळ. छप्पर गळतं ते कुठे कुठे. आणि शेवटी, बाल्कनी कधीही कोसळेल, दुरुस्ती शक्य नाही. खाली विद्याधरची सही.

छापलेल्या कागदात आपल्या नावाआधी श्री. आहे हे ऐकून, वाट लागली हे कळायच्या आधी, इसिडोरला क्षणभर बरं वाटलं होतं. ते त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

"मामा, तुम्हीच सांगितलंत हे सगळं?" शेवंतीने विचारलं. तिच्या हातात झारा होता. तिची टपरी जाणार होती.

"दाखव म्हणाला शेठ," इसिडोर म्हणाला.

एथेलने त्याला घरात नेऊन बसवलं. ती रागावली नव्हती, निदान तेव्हा तरी. तिने त्याला उत्तर पाठ करायला लावलं. "सांगायचं, मी अडाणी माणूस. वेळ जात नव्हता म्हणून गप्पा ठोकल्या. लाकूड-बिकूड काय नाय. काय सांगायचं?"

"मना काय कळत नाय."

"हां. तेवढंच बोलायचं."

सुनावणीला लहानशी खोली होती. टेबलामागे पालिकेचे अधिकारी, शांत, केस पांढरे झालेले. एका बाजूला चंद्रप्रकाश शेठ, त्याचे वकील आणि विद्याधर. दुसऱ्या बाजूच्या बाकावर एथेल, शेवंती, जयवंत, सायकलवाला आणि पानवाला. इसिडोरला मध्ये उभं केलं होतं. त्याने लग्नातला कोट घातला होता.

"चौथ्या मोराच्या आत लाकूड आहे, असं तुम्ही यांना सांगितलंत?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाय साहेब. म्हणजे सांगितलं, पण गप्पा होत्या त्या." त्याचा आवाज बारीक झाला. "मी घमेली वाहणारा माणूस. मना बांधकामातलं काय कळत नाय."

"छत्तीस वर्षं तिथे काढून?"

"दारात उभा राहायचो. तिकिटं फाडायचो. बाकी काय नाय."

अधिकाऱ्यांनी विद्याधरकडे पाहिलं. विद्याधर उठला. तो इसिडोरकडे बघत नव्हता, पण जे बोलला ते मनापासून बोलला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"साहेब, तीन महिने मी यांच्याबरोबर काम केलं. फीत न लावता हे माप सांगतात आणि ते इंचाने चुकत नाही. कॉलेजात मला जे कोणी शिकवलं नाही, ते यांनी शिकवलं. त्या इमारतीबद्दल यांच्याइतकं कोणालाही कळत नाही. ते आता नाही म्हणताहेत, ते घर जाईल म्हणून. मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांना काही कळत नाही, हे मी मान्य करणार नाही."

असं कोणी चार माणसांत आपल्याबद्दल बोलावं म्हणून इसिडोरने जन्मभर वाट बघितली होती. तो खाली फरशीकडे बघत राहिला.

"मग सोपं आहे," अधिकारी म्हणाले. "मोर फोडून बघू. लाकूड चांगलं असेल तर दुरुस्तीचा विचार करता येईल."

बाकावर हालचाल झाली. एथेलने क्रूसाची खूण केली. चंद्रप्रकाश शेठने वकिलांच्या कानात काही सांगितलं आणि विद्याधरकडे हात पुढे केला. विद्याधरने नकारार्थी मान हलवली. वहीत काय आहे ते शेठला आधीच ठाऊक होतं, त्याचा हात तसाच पुढे राहिला. मग विद्याधरने पिशवीतून काळी वही काढून दिली.

"साहेब," वकील उठून म्हणाले, "चढून फोडणार कोण? तिथे एक माणूस आधीच मेला आहे. तोही याच मोरापाशी. आणि हा साक्षीदार खोल्यांसाठी खोटं बोलतो आहे तेही पहिल्यांदा नाही. वाचू का?"

त्यांनी वाचलं. सव्वीस डिसेंबर, अशी तारीख होती वर. विद्याधरने त्याच रात्री घरी जाऊन आठवून आठवून लिहिलं असावं, कारण इसिडोरचे शब्द जसेच्या तसे होते. मी शिडी सोडली. चार पावलं गेलो असेन. तो पीत नव्हता. एथेलला ठाऊक नाय. शेवंतीला तर नायच.

हेही वकिलांनी वाचलं, वगळलं नाही.

अधिकारी म्हणाले, "रोझारिओ, तेव्हा पोलिसांपुढे खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

इसिडोरने एथेलकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती शेवंतीकडे बघत होती. शेवंतीचं तोंड किंचित उघडं होतं आणि ती ओठ हलवत होती, हिशेब चुकलेल्या माणसासारखी.

"तेव्हा," इसिडोर म्हणाला.

म्हणजे लाकूड खरं, तडा खरा, वहीतलं सगळंच खरं. मोर फोडून बघायची गरजच उरली नाही. तीस दिवसांत जागा खाली करण्याचा हुकूम झाला.

बाहेर जिन्यात शेवंतीने त्याला गाठलं. मुंबईत जन्म गेला तरी ती आईशी मालवणीत बोलायची, आणि आता तीच भाषा तिच्या तोंडी आली. "माझो बापूस प्यायलेलो नव्हतो?"

"नाय."

"माळ होती त्याच्या गळ्यात?"

"होती. शेठनी काढून घेतली. पोलीस यायच्या आधी."

विद्याधर त्यांच्या बाजूने खाली उतरत होता. तो थांबला आणि म्हणाला, "काका, नाहीतरी ते पडणारच होतं. निदान कागदावर तरी राहिलं." इसिडोरने मान हलवली, जशी मोठ्या माणसांपुढे हलवतात तशी.

एथेल त्याच दिवशी आपल्या बहिणीकडे, मेबलकडे, जोगेश्वरीला गेली. कपडे भरताना तिने एवढंच म्हटलं, "माझी दोन्ही पोरं त्या खोलीत झाली. मना आधी सांगितलं असतंस तर मी तिथे बाळंत झाली नसते." भांडी तिने नेली नाहीत. त्या घरातलं काही नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसिडोर सवयीने कमानीखाली आला. शेवंतीने चहा गाळला, पण पुढे केला नाही.

"बस," ती म्हणाली. तीस वर्षांत तिने त्याला तू म्हटलं नव्हतं. "तिथे बाकावर बस. गिऱ्हाईक आलं की सांगायचं."

"काय?"

"काशीराम सुतार दारू प्यायला नव्हता. मी शिडी सोडली आणि खोटी साक्ष दिली. एवढंच. येईल त्याला सांगायचं."

"किती दिवस?"

"टपरी आहे तोपर्यंत."

तो बसला. पहिलं गिऱ्हाईक दूधवाला होता. इसिडोरने सांगितलं, तेव्हा दूधवाल्याला काही कळेना, त्याने शेवंतीकडे बघितलं. शेवंती म्हणाली, "परत सांग." त्याने परत सांगितलं. दुसरा गावठाणातला रेमी, इसिडोरचा लांबचा भाऊ, तो चहा अर्धा टाकून उठून गेला. म्हातारे ऐकून मान खाली घालत. काशीरामला ओळखणारे त्यांच्यातले तीन-चारच उरले होते. तरुणांना काशीराम कोण ते माहीत नव्हतं. पण एक माणूस बाकावर बसून तेच तेच बोलतो, ही बातमी बाजारभर पसरली आणि टपरीवर गर्दी व्हायला लागली. कॉलेजची पोरं लांबून यायची. "अंकल, एकदा बोला ना," म्हणायची. "शिडी कशी सोडली? हात करून दाखवा ना." एकाने विचारलं, पुढचा शो किती वाजता. शेवंती भजी तळत होती. ती कधी त्यांना गप्प बस म्हणाली नाही, त्यांच्यात हसलीही नाही. तिचं तेल दिवसाला दोनदा संपायला लागलं.

जयवंत शिंप्याने एकदा मध्ये पडून बघितलं. "शेवंते, सोड ना आता. म्हातारा मरेल."

"माझ्या आईला कोणी सोडलं नाय," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी इसिडोरने स्वतःच हात जोडले. घसा बसला होता. "पुरे कर, शेवंती."

"आईने तेवीस वर्षं ऐकलं. दारूड्याची बायको, दारूड्याची बायको. तुझे बारा दिवस झाले." तिने त्याच्यापुढे कोमट पाण्याचा पेला ठेवला. "पी. घसा मोकळा होईल. ते बघ, दोघं येतायत."

विसाव्या दिवसापासून, इसिडोरच्या दोन खोल्या तेवढ्या सोडून, पाडकाम सुरू झालं. छप्पर उतरलं, मडक्यांच्या भिंती फोडल्या. मडकी फुटताना रस्त्यावर ऐकू येत. कंत्राटदाराला घाई होती आणि कुठली तुळई कशात अडकली आहे ते त्याच्या माणसांना कळत नव्हतं, म्हणून त्याने इसिडोरला बोलावलं. इसिडोर सकाळी बाकावर बसायचा आणि दुपारी आत जाऊन कुठे घण घालायचा ते दाखवायचा. चौथा मोर फोडला तेव्हा आतलं सागवान कोरडं, खणखणीत निघालं. वाळवीचा एक डाग नाही. कंत्राटदाराने ते चौकटींसाठी बाजूला ठेवायला सांगितलं.

इसिडोरने येऊन शेवंतीला हे सांगितलं. ती थोडा वेळ पदराने हात पुसत राहिली. "हेही सांगायचं," ती म्हणाली. तेव्हापासून तो हेही सांगू लागला.

अठ्ठाविसाव्या दिवशी विद्याधर कॅमेरा घेऊन आला. नवीन इमारतीचं काम शेठने त्यालाच दिलं होतं. बाकावर इसिडोर बसलेला बघून तो बिचकला, पण मागे फिरणं बरं दिसलं नसतं. त्याने चहा मागितला.

"काशीराम सुतार दारू प्यायला नव्हता," इसिडोर म्हणाला. "मी शिडी सोडली आणि खोटी साक्ष दिली. लाकूड चांगलं होतं."

"काका, मला माहीत आहे."

"गिऱ्हाइकाला सांगायचं असतं," इसिडोर म्हणाला.

विद्याधरने चहा गरम असतानाच संपवला आणि फोटो न काढता गेला.

तीस दिवस झाले, कमान पडली, गाळे गेले. शेवंती स्टोव्ह आणि कढई हातगाडीवर घालून कुठेतरी गेली. जाताना तिने इसिडोरला सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. तो ट्रंक घेऊन जोगेश्वरीला मेबलच्या दारात उभा राहिला. मेबलने त्याला व्हरांड्यात खाट दिली. एथेल त्याला दोन वेळा वाढायची, ताट खाटेच्या कडेला ठेवून आत जायची. तिच्याशी बोलायला गेला की ती म्हणायची, "मेबलला विचार." मीठ हवं असलं तरी मेबलला विचार.

पंच्याहत्तर साली मंजुळाच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं, नाव तेच. इसिडोर ती बघायला गेला नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्याला कोणीतरी सांगितलं, शेवंतीने गोरेगावला स्टुडिओच्या वाटेवर टपरी टाकलीय, छान चालते. तो जोगेश्वरीहून चालत गेला. टपरीपुढे बाक होता, त्यावर स्टुडिओतले रंगारी, लाइटवाले बसलेले. शेवंतीने त्याला ओळखलं. चहा गाळून पुढे केला. तो बाकाच्या टोकाला बसला. शेजारच्या रंगाऱ्याकडे वळला आणि घसा साफ केला.

"राहू दे," शेवंती म्हणाली. "इथे काशीरामला कोण ओळखतं?"

रंगाऱ्याने विचारलं, "काय म्हणतायत काका?"

"काय नाय," ती म्हणाली. "तुझी भजी घे."

इसिडोरने चहा प्यायला, कप विसळला आणि परत जोगेश्वरीकडे चालायला लागला.